गॅस ड्रायरमधील उष्णतादोष

गॅस ड्रायरमधील उष्णतादोष म्हणजे नैसर्गिक वायू किंवा एलपीजीवर चालणाऱ्या कपडे वाळवण्याच्या यंत्राचा ड्रम फिरत असूनही त्यात उष्णता निर्माण न होणे, अथवा निर्माण झालेली उष्णता टिकून न राहणे. घरगुती गॅस ड्रायरचा वापर प्रामुख्याने अमेरिका व कॅनडा या देशांत होतो. तेथे या यंत्राच्या दुरुस्तीत वारंवार आढळणाऱ्या तक्रारींपैकी ही एक आहे.

या दोषाची कारणे तीन गटांत मोडतात: वायूचा किंवा विजेचा पुरवठा खंडित होणे, प्रज्वलन यंत्रणेतील एखादा भाग निकामी होणे आणि हवेच्या मार्गात अडथळा आल्यामुळे सुरक्षा-उपकरणांनी ज्योत बंद करणे. तिसऱ्या प्रकारात यंत्र बिघडलेले नसून ते स्वतःचे व घराचे संरक्षण करत असते. त्यामुळे केवळ जळालेला भाग बदलून निदान पूर्ण होत नाही. तो भाग कशामुळे जळाला, याचाही शोध घ्यावा लागतो.

## पार्श्वभूमी

यंत्राच्या साहाय्याने कपडे वाळवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून झाले. अमेरिकेतील जॉर्ज टी. सॅम्पसन यांना १८९२ मध्ये शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे पेटंट मिळाले. फिरत्या ड्रमचा स्वयंचलित ड्रायर नॉर्थ डकोटा राज्यातील जे. रॉस मूर यांनी विकसित केला. विस्कॉन्सिन राज्यातील हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८ मध्ये तो 'जून डे' या नावाने बाजारात आणला.

सुरुवातीच्या काळातील अनेक गॅस ड्रायरमध्ये ज्योत पेटवण्यासाठी एक लहान दिवटी अखंड जळत ठेवलेली असे. अमेरिकेच्या १९८७ च्या राष्ट्रीय उपकरण ऊर्जा-बचत कायद्याने १ जानेवारी १९८८ पासून उत्पादित होणाऱ्या गॅस ड्रायरमध्ये अशी अखंड जळणारी दिवटी ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे विजेने तापून लाल होणारा प्रज्वलक, म्हणजेच इग्नायटर, हा या यंत्राचा अविभाज्य भाग झाला. आजच्या दोषनिदानाची पद्धत मुख्यतः याच प्रज्वलकाच्या निरीक्षणावर आधारलेली आहे.

## रचना

बाह्यतः गॅस ड्रायर व विद्युत ड्रायर सारखेच दिसतात. उत्तर अमेरिकेतील विद्युत ड्रायरला २४० व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो. गॅस ड्रायर मात्र १२० व्होल्टच्या साध्या घरगुती जोडणीवर चालतो, कारण विजेचा उपयोग केवळ मोटार, नियंत्रण मंडल व प्रज्वलन यांसाठी होतो. उष्णता वायूच्या ज्वलनातून मिळते. घरगुती यंत्रातील बर्नरची क्षमता सर्वसाधारणपणे ताशी २०,००० ते २५,००० बीटीयू, म्हणजे सुमारे ६ ते ७ किलोवॉट असते.

यंत्राचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* मोटार व पंखा: एकच मोटार पट्ट्याच्या साहाय्याने ड्रम फिरवते आणि तिच्याच दांड्यावर बसवलेल्या पंख्याने हवा खेचते. मोटारीत एक केंद्रोत्सारी स्विच असतो. मोटारीने पुरेसा वेग घेतल्याशिवाय तो बर्नरकडे वीज जाऊ देत नाही.
* वायूची झडप: एकाच धातूच्या ठोकळ्यात एकामागे एक अशा दोन झडपा असतात. त्या विद्युतचुंबकीय गुंडाळ्यांनी उघडतात. दोन्ही उघडल्याशिवाय बर्नरपर्यंत वायू पोहोचत नाही.
* इग्नायटर: सिलिकॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाचा लहान तुकडा. त्यातून वीज गेली की तो १,००० अंश सेल्सिअसच्या वर तापून केशरी-पांढरा दिसू लागतो.
* ज्योत-संवेदक: बर्नरच्या नळीशेजारी बसवलेला उष्णतेवर चालणारा स्विच. थंड असताना तो जोडलेला असतो आणि इग्नायटरची किंवा ज्योतीची उष्णता लागताच उघडतो.
* थर्मोस्टॅट: बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान राखणारा एक थर्मोस्टॅट असतो. बर्नरजवळच्या कमाल मर्यादेच्या थर्मोस्टॅटचे काम तापमान धोक्याच्या पातळीवर गेल्यास ज्योत तोडणे हे असते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या यंत्रांत तापमान राखण्याचे काम थर्मिस्टर करतो.
* औष्णिक फ्यूज: ठरावीक तापमानाला कायमचा तुटणारा सुरक्षा-दुवा. पंख्याच्या कवचावर बसवलेला असा फ्यूज अनेक यंत्रांत सुमारे ९१ अंश सेल्सिअसला तुटतो. तो पुन्हा जोडला जात नाही, बदलावाच लागतो.
* निकासनलिका: दमट हवा घराबाहेर नेणारी, सामान्यतः ४ इंच (सुमारे १० सेंटिमीटर) व्यासाची नळी.

गॅस ड्रायरमध्ये ज्वलनातून निर्माण झालेले वायू हवेत मिसळून थेट ड्रममधून जातात आणि त्याच निकासनलिकेने बाहेर पडतात. विद्युत ड्रायरची नळी केवळ दमट हवा व तंतू वाहते. गॅस ड्रायरची नळी त्याखेरीज धुराड्याचेही काम करते. ती तुंबली किंवा निसटली तर प्रश्न केवळ कपडे ओले राहण्याचा उरत नाही, घरातील हवाच दूषित होते.

## प्रज्वलनाचा क्रम

उष्णतादोषाचे निदान करण्यासाठी निरोगी यंत्रातील घटनांचा क्रम समजणे आवश्यक असते.

१. दार बंद करून यंत्र सुरू केल्यावर मोटार फिरू लागते. तिने वेग घेताच केंद्रोत्सारी स्विच बर्नरचे मंडल जोडतो.

२. वीज टायमर, थर्मोस्टॅट व (काही रचनांत) औष्णिक फ्यूज यांच्या साखळीतून झडपेकडे जाते. पहिल्या झडपेवरील दोन गुंडाळ्या, एक उचलणारी व एक धरून ठेवणारी, मिळून ती झडप उघडतात. त्याच वेळी जोडलेल्या ज्योत-संवेदकातून इग्नायटरला पूर्ण वीज मिळते आणि तो तापू लागतो.

३. दुसऱ्या झडपेची गुंडाळी संवेदकाला समांतर जोडलेली असते. संवेदक जोडलेला असेपर्यंत वीज त्यातूनच वाहते आणि ही गुंडाळी निष्क्रिय राहते. त्यामुळे इग्नायटर पुरेसा तापण्यापूर्वी वायू सुटत नाही.

४. सुमारे १५ ते ६० सेकंदांत इग्नायटरच्या उष्णतेने संवेदक उघडतो. आता वीज दुसऱ्या गुंडाळीतून जाते, 'टक्' असा आवाज होऊन दुसरी झडप उघडते आणि तापलेल्या इग्नायटरवर वायू पेट घेतो. इग्नायटरमधील प्रवाह घटतो व तो विझतो. ज्योतीच्या उष्णतेने संवेदक उघडाच राहतो.

५. बाहेर पडणाऱ्या हवेने ठरलेले तापमान गाठले की थर्मोस्टॅट मंडल तोडतो आणि दोन्ही झडपा मिटतात. हे तापमान निवडलेल्या कार्यक्रमानुसार साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. हवा थोडी निवली की हाच क्रम पुन्हा सुरू होतो. कपड्यांचा एक घाणा वाळेपर्यंत ज्योत अनेकदा पेटते व विझते.

या रचनेत सुरक्षेचा विचार अंतर्भूत आहे. झडप उघडूनही वायू पेटला नाही, तर संवेदक थंड होऊन पुन्हा जोडला जातो. त्यासरशी दुसरी झडप मिटते आणि इग्नायटर नव्याने तापू लागतो. तसेच ज्योत पेटलेली असताना वीज क्षणभर जाऊन परत आली, तर तापलेला संवेदक उघडाच असल्याने उचलणाऱ्या गुंडाळीला वीज मिळत नाही. केवळ धरून ठेवणारी गुंडाळी मिटलेली झडप उघडू शकत नाही. परिणामी न पेटलेला वायू सुटत नाही.

## प्राथमिक तपासणी

कोणताही भाग उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या जातात. अनेक तक्रारींचे मूळ याच टप्प्यावर सापडते.

* निवडलेला कार्यक्रम: बहुतेक यंत्रांत उष्णतेविना केवळ हवा फिरवण्याचा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेल्यास ड्रम फिरतो, पण आच मिळत नाही.
* वायूचा पुरवठा: यंत्रामागील वायूच्या नळीवरील चावीची मूठ नळीला समांतर असेल तर चावी उघडी असते, काटकोनात असेल तर बंद. घरातील शेगडी किंवा पाणी तापवण्याचे यंत्र चालत असल्यास मुख्य पुरवठा सुरू असल्याचे कळते. एलपीजी वापरणाऱ्या घरांत टाकी रिकामी झाली असण्याची शक्यता तपासावी लागते.
* नवी जोडणी: नुकत्याच बसवलेल्या यंत्राच्या नळीत हवा अडकलेली असते. ती निघून जाईपर्यंत इग्नायटर काही वेळा तापून ज्योतीविना विझू शकतो. हा दोष नव्हे.
* लिंटची जाळी: लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारे सूक्ष्म तंतू. जाळी वरून स्वच्छ दिसली तरी कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी पत्र्यांचा मेणासारखा थर तिची छिद्रे बुजवू शकतो. जाळीवर पाणी ओतून पाहावे. ते खाली न झिरपता साचून राहिले, तर जाळी साबण व मऊ ब्रशने धुवावी लागते.
* बाहेरचे तोंड: यंत्र चालू असताना भिंतीबाहेरील निकासाची झडप जोराने उघडलेली असावी. हवेचा झोत क्षीण असल्यास नळी तुंबलेली, चेपलेली किंवा पक्ष्यांच्या घरट्याने अडलेली असण्याचा संभव असतो. थंड प्रदेशांत साचलेले बर्फही हे तोंड बंद करते.

विद्युत ड्रायरमध्ये २४० व्होल्टच्या पुरवठ्यातील एक बाजू गेल्यास मोटार फिरत राहते आणि उष्णता बंद होते. ही शक्यता गॅस ड्रायरला लागू होत नाही. दोन्ही यंत्रांच्या निदानात गल्लत होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

## निरीक्षणावरून निदान

बर्नरच्या पुढील भागात, खालच्या पट्टीमागे किंवा लहान झाकणाआड, निरीक्षणासाठी छिद्र असते. यंत्र सुरू केल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे या छिद्रातून इग्नायटरकडे पाहिल्यास बहुतेक दोषांचे स्थान निश्चित करता येते.

| काय दिसते | बहुधा दोष कोठे |
|---|---|
| इग्नायटर मुळीच तापत नाही | वीज तेथवर पोहोचत नाही, किंवा इग्नायटर तुटलेला आहे |
| तापतो, विझतो, पण ज्योत नाही. पुन्हा हाच क्रम | झडपेच्या गुंडाळ्या किंवा वायूचा पुरवठा |
| तापलेलाच राहतो, ज्योत नाही | ज्योत-संवेदक चिकटलेला |
| पहिल्यांदा ज्योत येते, काही मिनिटांनंतर पुन्हा येत नाही | तापल्यावर निकामी होणाऱ्या गुंडाळ्या |
| ज्योत पेटून लवकरच विझते | हवेचा अडथळा, कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट |
| ज्योत व्यवस्थित, तरी कपडे ओले | हवेचा अडथळा, अतिभार किंवा धुलाई यंत्राची अपुरी पिळणी |

### इग्नायटर न तापणे

या स्थितीत वीज इग्नायटरपर्यंत नेणाऱ्या साखळीतील कोणताही दुवा तुटलेला असू शकतो. यंत्राचा प्लग काढून आणि वायूची चावी बंद करून मल्टीमीटरने प्रत्येक भागाचे सातत्य तपासले जाते. तपासणीपूर्वी त्या भागाची किमान एक तार सोडवावी लागते, अन्यथा मंडलातील दुसऱ्या मार्गामुळे मोजमाप फसवे येते.

सर्वप्रथम औष्णिक फ्यूज पाहिला जातो. तो शाबूत असल्यास मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, तुटला असल्यास अनंत रोध. काही रचनांत हा फ्यूज मोटारीच्या मंडलात असतो व तो गेल्यास यंत्र सुरूच होत नाही. इतर रचनांत केवळ उष्णता बंद होते. त्यानंतर कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट व तापमान राखणारा थर्मोस्टॅट तपासतात. दोन्ही सामान्य तापमानाला जोडलेले असावेत. थर्मिस्टर असलेल्या यंत्रांत २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०,००० ओहम रोध अनेकदा अपेक्षित असतो आणि तापमान वाढते तसा तो घटतो.

हे भाग निर्दोष असल्यास इग्नायटर पाहिला जातो. सिलिकॉन कार्बाइडच्या थंड इग्नायटरचा रोध सामान्यतः ५० ते ४०० ओहमच्या दरम्यान असतो. तडा गेलेल्या इग्नायटरवर बारीक रेघ किंवा पांढरट डाग दिसतो आणि मीटर अनंत रोध दाखवतो. हा पदार्थ ठिसूळ असतो. बदलताना त्याच्या तापणाऱ्या भागाला बोट लावणे टाळतात, कारण त्वचेवरील तेलाने त्याचे आयुष्य घटते. संवेदक कायमचा उघडा राहिल्यासही इग्नायटरला पूर्ण वीज मिळत नाही. म्हणून थंड यंत्रातील संवेदकाचे सातत्यही पाहावे लागते. शेवटी टायमरचे संपर्कबिंदू व मोटारीतील केंद्रोत्सारी स्विच यांची तपासणी होते.

### इग्नायटर तापूनही ज्योत न येणे

इग्नायटर तापतो आणि अर्ध्या-एक मिनिटात विझतो, याचा अर्थ संवेदक योग्य रीतीने उघडला आहे. यानंतर ज्योत येत नसेल तर वायू सुटलेला नाही. शेगडी चालत असेल आणि यंत्रामागील चावी उघडी असेल, तर संशय झडपेच्या गुंडाळ्यांवर जातो.

व्हर्लपूल समूहाच्या अनेक यंत्रांतील झडपेवर तीन टोकांची व दोन टोकांची अशा दोन गुंडाळ्या बसवलेल्या असतात. तीन टोकांच्या गुंडाळीत १ व २ या टोकांदरम्यान सुमारे १,३६५ ओहम, १ व ३ दरम्यान सुमारे ५६० ओहम आणि दोन टोकांच्या गुंडाळीत सुमारे १,२२० ओहम रोध अपेक्षित असतो. इतर उत्पादकांची मूल्ये वेगळी असतात व ती यंत्राच्या तांत्रिक पत्रकात दिलेली असतात. हे पत्रक अनेकदा यंत्राच्या आतच घडी करून ठेवलेले असते.

इग्नायटर विझतच नसेल, तर संवेदक उघडत नाही असा निष्कर्ष निघतो. संवेदक हा तुलनेने स्वस्त व सहज बदलता येणारा भाग आहे.

### उष्णता मध्येच थांबणे

पहिला फेरा उत्तम तापतो, त्यानंतर मात्र यंत्र थंड हवा फेकत राहते. तासाभराने पुन्हा सुरू केल्यास पुन्हा काही वेळ तापते. हे लक्षण झडपेच्या गुंडाळ्यांचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण मानले जाते. जुन्या गुंडाळीतील बारीक तार तापल्यावर प्रसरण पावून आतल्या आत तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. त्यामुळे थंड यंत्रावर घेतलेले मोजमाप अचूक येऊनही गुंडाळी सदोष असू शकते. अशा वेळी मीटरपेक्षा निरीक्षण अधिक विश्वसनीय ठरते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेऱ्यात इग्नायटर तापून ज्योतीविना विझताना दिसला, तर दोन्ही गुंडाळ्या एकत्रच बदलण्याची प्रथा आहे. झडपेचा ठोकळा न उघडता, वरची पट्टी काढून त्या बदलता येतात.

### ज्योत वारंवार तुटणे

हवेचा प्रवाह अपुरा असल्यास बर्नरची उष्णता ड्रमकडे वाहून नेली जात नाही. ती बर्नरभोवतीच साठते, कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट उघडतो आणि ज्योत विझते. काही वेळाने तो पुन्हा जोडला जातो. ज्योत थोडाच वेळ जळत असल्याने कपडे दमट राहतात आणि वापरणारा ते अधिक वेळ फिरवत ठेवतो. हा थर्मोस्टॅट सतत उघडझाप करण्यासाठी बनवलेला नसतो. तो झिजून निकामी होतो किंवा औष्णिक फ्यूज तुटतो आणि त्या दिवशी यंत्र 'अचानक' थंड पडते. प्रत्यक्षात दोषाची सुरुवात अनेक आठवड्यांपूर्वी, कपडे वाळायला लागणारा वेळ वाढू लागला तेव्हाच झालेली असते.

म्हणून तुटलेला फ्यूज बदलताना निकासमार्ग संपूर्ण साफ करणे हा दुरुस्तीचाच भाग समजला जातो. तसे न केल्यास नवा फ्यूजही त्याच कारणाने तुटतो.

## निकासमार्ग

अमेरिकेतील आदर्श निवासी बांधकाम संहितेनुसार, उत्पादकाच्या वेगळ्या सूचना नसल्यास, निकासनलिकेची कमाल लांबी ३५ फूट (सुमारे १०.७ मीटर) धरली जाते. प्रत्येक साध्या ९० अंशांच्या वळणासाठी त्यातून ५ फूट व ४५ अंशांच्या वळणासाठी अडीच फूट वजा होतात. म्हणजे चार काटकोनी वळणे असलेल्या नळीला प्रत्यक्षात १५ फूटच लांबी अनुज्ञेय असते.

नळी गुळगुळीत अंतर्भागाच्या धातूची असावी लागते. तिच्या सांध्यांत आत डोकावणारे स्क्रू वापरत नाहीत, कारण तंतू त्यांना अडकून गोळा होतात. त्याच कारणाने बाहेरच्या तोंडावर जाळी बसवण्यासही मनाई असते. प्लास्टिकची किंवा पातळ वर्खाची घडीदार नळी वळणांत तंतू साठवते आणि आग लागल्यास ती रोखू शकत नाही.

साफसफाईसाठी लवचीक दांड्यावरील लांब ब्रश वापरतात. यंत्राच्या आत, लिंटच्या जाळीखालील पोकळी, पंख्याचे कवच आणि बर्नरभोवतालचा तळ या ठिकाणीही तंतू साचतात. तेथे उघडी ज्योत असल्याने गॅस ड्रायरमध्ये हा संचय विशेष धोकादायक असतो.

## सुरक्षितता

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात त्या देशातील निवासी इमारतींत कपडे वाळवण्याच्या यंत्रांमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या. त्यांत दरवर्षी सरासरी ५ मृत्यू झाले, १०० जण जखमी झाले आणि ३.५ कोटी डॉलरची मालमत्ता नष्ट झाली. या आकड्यांत गॅस व विद्युत अशा दोन्ही प्रकारच्या यंत्रांचा समावेश आहे. साफसफाईचा अभाव हे आगींचे सर्वांत मोठे कारण ठरले. ३४ टक्के आगी त्यामुळे लागल्या.

सुरक्षा-उपकरणे ओलांडणे: तुटलेला फ्यूज किंवा थर्मोस्टॅट तारेने जोडून यंत्र चालवल्यास उष्णता तत्काळ परत येते. त्यामुळे हा उपाय आकर्षक वाटतो. मात्र नळी तुंबलेली असताना ज्योत थांबवणारे शेवटचे साधन त्याने नाहीसे होते. अशा तात्पुरत्या जोडणीने दोष सिद्ध होत असला, तरी तिच्यावर यंत्र चालवणे कोणत्याही परिस्थितीत सुरक्षित नसते.

कार्बन मोनॉक्साइड: हवेच्या कमतरतेमुळे ज्वलन अपूर्ण राहिल्यास हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग व वास नसतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही त्याची आरंभीची लक्षणे होत. निरोगी ज्योत निळी असते. पिवळी, आळसावलेली ज्योत अपूर्ण ज्वलन सुचवते. निकासनलिका सोडवून गॅस ड्रायर घरात चालवून पाहणे, किंवा हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून त्याची हवा घरात सोडणे, हे याच कारणास्तव वर्ज्य आहे. विद्युत ड्रायरसाठी विकली जाणारी घरांतर्गत निकासाची साधने गॅस ड्रायरला लावू नयेत.

वायूची गळती: नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे मिसळतात. टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी झालेल्या वायुस्फोटानंतर ही पद्धत तेथे सक्तीची झाली. असा वास आल्यास विजेची बटणे न दाबता, यंत्र न हलवता घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच वायू कंपनीला कळवावे. दुरुस्तीनंतर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. ज्योत दाखवून गळती तपासणे प्राणघातक ठरू शकते.

दुरुस्तीची मर्यादा: फ्यूज, थर्मोस्टॅट, संवेदक, इग्नायटर व गुंडाळ्या हे भाग विजेच्या मंडलातील असून वायूची नळी न सोडवता बदलता येतात. झडपेचा ठोकळा, दाबनियंत्रक व वायूची जोडणी यांवरील काम प्रशिक्षित कारागिराचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स व कॅनडातील ऑन्टारिओ यांसारख्या ठिकाणी अशा कामासाठी परवानाधारक व्यक्ती असणे कायद्याने बंधनकारक आहे.

## इंधनाचा प्रकार व स्थलांतर

नैसर्गिक वायू व एलपीजी यांचा दाब आणि उष्मांक भिन्न असतो. नैसर्गिक वायूवरील ड्रायरमध्ये बर्नरकडे जाणारा दाब साधारण साडेतीन इंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. एलपीजीसाठी तो सुमारे १० इंच असतो. म्हणून इंधन बदलताना वायू सोडणारे तोंड आणि दाबनियंत्रणाचा भाग उत्पादकाच्या संचाप्रमाणे बदलावा लागतो. रूपांतर न करता एलपीजीवर चालवल्यास ज्योत अवाजवी मोठी होते व कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट वारंवार तुटतो. उलट एलपीजीसाठीचे यंत्र नैसर्गिक वायूवर चालवल्यास ज्योत क्षीण राहते आणि यंत्र 'तापत नाही' असे भासते. घर बदलल्यानंतर उद्भवलेल्या उष्णतादोषात ही शक्यता प्रथम विचारात घेतली जाते.

उत्तर अमेरिकेबाहेर घरगुती गॅस ड्रायर जपानमध्ये प्रचलित आहे. तेथील रिन्नाई कंपनीचे 'कांता-कुन' हे यंत्र प्रसिद्ध आहे. भारतात कपडे प्रामुख्याने उन्हात, दोरीवर किंवा वलणीवर वाळवले जातात. घरगुती ड्रायर वापरात असले तरी ते बहुतांशी विजेवर चालतात. वायूवर तापणारे मोठे ड्रायर हॉटेले, रुग्णालये व व्यावसायिक धुलाई केंद्रांत आढळतात. महाराष्ट्रातून अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक होणाऱ्या कुटुंबांचा या यंत्राशी पहिला परिचय अनेकदा भाड्याच्या घरातच होतो. तेथे दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची आहे की भाडेकरूची, हे भाडेकरारावर व स्थानिक कायद्यावर अवलंबून असते. तेथील यंत्र भारतात आणल्यास १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झची वीज आणि इंधनाचा भिन्न दाब या दोन्ही कारणांनी ते थेट वापरता येत नाही.

## प्रतिबंधक देखभाल

* प्रत्येक घाण्यापूर्वी किंवा नंतर लिंटची जाळी साफ करणे.
* वर्षातून किमान एकदा संपूर्ण निकासनलिका व बाहेरचे तोंड साफ करणे; लांब किंवा अनेक वळणांच्या नळीसाठी हे अधिक वेळा करणे.
* यंत्र भिंतीला टेकवताना मागील नळी चेपत नाही ना, हे पाहणे.
* तेल, पेट्रोल किंवा रंगाचे द्रावण लागलेले कपडे ड्रायरमध्ये न घालणे.
* ड्रायर असलेल्या मजल्यावर व झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण बसवणे.
* कपडे वाळण्यास लागणारा वेळ वाढत असल्यास तो बिघाडाचा पहिला इशारा समजून त्याच वेळी निकासमार्ग तपासणे.

## हेही पहा

* धुलाई यंत्र
* नैसर्गिक वायू
* द्रवरूप पेट्रोलियम वायू
* कार्बन मोनॉक्साइड
* थर्मोस्टॅट
* मल्टीमीटर